नाव तेच, जिन्नस निराळा

व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकातून सुटलेली गाडी साधारण तासाभरात ब्रातिस्लाव्हाला पोहोचते. अंतर ६० किलोमीटरच्या आसपास. आमच्या सांगलीहून कोल्हापूरला जाण्याइतके किंवा त्याहून थोडे अधिक. वाटेत सपाट शेते लागतात, पवनचक्क्यांच्या रांगा लागतात आणि मार्चेग हे शेवटचे ऑस्ट्रियन स्थानक गेले की मोराव्हा नावाची एक संथ नदी ओलांडून गाडी स्लोव्हाकियात शिरते. पारपत्र पाहायला कोणी येत नाही. १९८९ पर्यंत याच नदीच्या काठाने काटेरी तारा होत्या, पहारे होते आणि पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानातही येऊ नये, इतका तो प्रदेश आज शांत आहे.

वाचकहो, मी व्यवसायाने साधा डॉक्टर आहे. सांगलीत गेली पंचवीस-सव्वीस वर्षे दवाखाना चालवतो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा पिंड नाही. परंतु गेल्या शरद ऋतूत मुलीकडे व्हिएन्नाला गेलो असता या दोन शहरांमधील दुकानांत जे पाहिले, त्याचा आपल्या घरातील कपाटाशी, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी असलेल्या औषधांच्या डब्याशी जवळचा संबंध आहे. म्हणून हा लेख.

ब्रातिस्लाव्हा हे एकेकाळी तीन नावांनी ओळखले जाणारे शहर. जर्मन भाषक त्याला प्रेसबुर्ग म्हणत, हंगेरियन पोझोनी म्हणत. आजचे नाव १९१९ मध्ये अधिकृत झाले. येथील सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये १७४१ साली मारिया तेरेसा हिचा हंगेरीची राज्यकर्ती म्हणून राज्याभिषेक झाला. १९१४ मध्ये तर व्हिएन्नाहून येथवर विजेची गाडी सुरू झाली होती. जुन्या गावात मायकेलच्या वेशीखालून चालताना मुलगी मला हे सारे सांगत होती आणि माझ्या मनात एक विचार येत होता. एकाच गावाला तीन नावे असली तरी गाव बदलत नाही, नदी तीच राहते, किल्ला तोच राहतो. मात्र एकच नाव धारण करणारे दोन जिन्नस दोन देशांत अगदी भिन्न असू शकतात, आणि तो अनुभव मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात घेतला होता.

तो अनुभव सांगतो, कारण त्यावाचून पुढील साऱ्याला अर्थ नाही. माझी आई तेव्हा ७८ वर्षांची होती. दिवाळीला मुलगी परदेशातून आली, ती येताना विमानतळावरील दुकानातून सर्दीच्या गोळ्यांची एक पेटी घेऊन आली. त्या गोळ्यांचे नाव आमच्या घरात माझ्या लहानपणापासून वापरात होते. भाऊबीजेच्या संध्याकाळी आईला शिंका आणि नाकातून पाणी सुरू झाले. मी दवाखान्यात होतो, समोर रुग्णांची रांग होती. मुलीने फोन केला, "बाबा, आजीला यातली एक देऊ का?" तिने नाव सांगितले. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "दे की."

रात्री दोनच्या सुमारास आई उठली. ज्या घरात ती चाळीस वर्षे अंधारात चालत आली होती, त्या घरात तिला न्हाणीघराची वाट सापडेना. कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या भावाला ती हाका मारू लागली. आम्ही धावत जाईपर्यंत ती उंबऱ्याला अडखळून पडली होती. उजव्या मनगटाचे हाड मोडले. पहाटे तिला रुग्णालयातून घरी आणल्यावर मी प्रथमच ती पेटी उलटी करून मागील बारीक मजकूर वाचला. आपल्याकडील गोळीत जे औषध असते ते तिच्यात नव्हतेच. तिच्यात जुन्या पिढीतील, गाढ झोप आणणारे ॲलर्जीविरोधी औषध होते. अशा औषधाने वृद्धांच्या बुद्धीला भ्रम होऊ शकतो, तोंड कोरडे पडते, लघवी अडते, तोल जातो. हे मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो होतो, कितीतरी रुग्णांना सांगितलेही होते. आई एवढेच म्हणाली, "पण नाव तर तेच होतं की रे."

त्या गोळीच्या उत्पादकाला मी दोष देत नाही. मजकूर पेटीवर छापलेला होता. वाचायचा कंटाळा मी केला होता. आईचे मनगट जुळले, परंतु त्या हाताने तिला पुन्हा भाकरी थापता आली नाही. मुलीने मात्र त्या दिवसापासून परदेशातून काही म्हणता काही आणणे सोडून दिले. आमच्यात त्या विषयावर कधी बोलणेही झाले नाही.

म्हणून ब्रातिस्लाव्हाच्या एका मोठ्या दुकानात तिने आपण होऊन पिशवी उघडली, तेव्हा मला आश्चर्य वाटले. आदल्या दिवशी व्हिएन्नात घेतलेल्या पाच वस्तू तिच्या पिशवीत होत्या: मुरंबा, संत्र्याचे पेय, सुकलेल्या भाज्यांचे सूप, बिस्किटे आणि चॉकलेट. त्याच नावाच्या पाच वस्तू आम्ही येथे घेतल्या आणि डॅन्यूबच्या काठावरील एका बाकावर दहाही वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. ये-जा करणारी माणसे आमच्याकडे पाहत, पण हसत नसत. एक वयस्क गृहस्थ तर थांबले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आम्हीसुद्धा हे केलेले आहे."

खरोखरच त्यांनी ते केलेले होते. साम्यवादी राजवट गेल्यानंतर पश्चिमेकडील नामांकित वस्तू या प्रदेशात आल्या. २००४ मध्ये स्लोव्हाकिया युरोपीय संघात सामील झाला, २००७ च्या डिसेंबरात सीमेवरील तपासणी उठली, आणि २००९ पासून नाणेही एकच झाले. लोक सहज पलीकडे हाइनबुर्ग किंवा किटसे या ऑस्ट्रियन गावांत जाऊन वाणसामान आणू लागले आणि त्यांच्या ध्यानात आले की वेष्टन तेच असले तरी चव तीच नाही. घरोघरी कुजबुज सुरू झाली: चांगला माल तिकडे, दुय्यम माल आपल्याला. वाचकहो, ही कुजबुज आपल्याला परकी नाही. उत्तम हापूस आणि मोठी कोळंबी परदेशी जाते आणि उरलेसुरले आपल्या वाट्याला येते, हे आपण मंडईत उभे राहून किती वेळा म्हटले असेल!

२०१७ च्या आरंभी स्लोव्हाकियाच्या सरकारी यंत्रणेने ब्रातिस्लाव्हातील आणि सीमेपलीकडील ऑस्ट्रियन गावांतील दुकानांतून २२ वस्तू घेऊन तपासल्या. सुमारे निम्म्या वस्तूंमध्ये फरक आढळला. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात तर एका डबाबंद मांसाच्या बाबतीत असे दिसले होते, की जर्मनीतील डब्यात डुकराचे मांस आणि चेक दुकानातील त्याच नावाच्या डब्यात यंत्राने हाडांवरून खरवडून काढलेले कोंबडीचे मांस. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष झाँ-क्लोद युंकर यांनी आपल्या वार्षिक भाषणात हा प्रश्न मांडला आणि समानांच्या संघात दुय्यम दर्जाचे ग्राहक असू शकत नाहीत, अशा आशयाची भूमिका घेतली.

पुढे आयोगाच्याच संशोधन केंद्राने १९ देशांतून सुमारे १,४०० नमुने गोळा केले. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा होता. दर्शनी बाजू तंतोतंत सारखी असूनही घटक भिन्न असलेल्या वस्तू ९ टक्के होत्या. दर्शनी बाजू मिळतीजुळती आणि घटक भिन्न, अशा वस्तू आणखी २२ टक्के होत्या. परंतु पूर्वेला नेहमी कमअस्सल आणि पश्चिमेला नेहमी अस्सल, असा ठराविक भौगोलिक साचा त्या केंद्राला आढळला नाही. त्यानंतर युरोपीय संघाने नियम केला, जो मे २०२२ पासून लागू आहे: ज्या वस्तूचे घटक लक्षणीयरीत्या निराळे आहेत, ती दुसऱ्या देशातील वस्तूसारखीच असल्याचे भासवून विकणे, सबळ आणि वस्तुनिष्ठ कारण नसेल तर, दिशाभूल ठरू शकते.

आमच्या बाकावरील तपासणीचा निकालही असाच संमिश्र निघाला. पाचपैकी तीन वस्तू अक्षरशः सारख्या होत्या. सुपातील मिठात किंचित फरक होता. संत्र्याच्या पेयात मात्र एकीकडे केवळ साखर होती, तर दुसरीकडे साखर कमी करून कृत्रिम गोडी घातलेली होती. दर्शनी बाजूची संत्री दोन्हींवर सारखीच रसरशीत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मधुमेही माणसाला यातलं कोणतं चालेल, हे पुढून कळतच नाही." मी म्हणालो, "पुढून काहीच कळत नाही. ते मला आधी कळायला हवं होतं." त्यावर ती काही बोलली नाही, पण आम्ही दोघेही त्या भाऊबीजेच्या रात्रीविषयी बोलत आहोत, हे दोघांनाही समजले.

आता डॉक्टर म्हणून आपल्याशी थोडे बोलतो. एकाच नावाची वस्तू देशोदेशी का बदलते, याला लबाडी हे एकच कारण नसते. काही वेळा कायदा निराळा असतो. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर असलेल्या शीतपेयांवर कर बसवला. अनेक उत्पादकांनी तेथील पेयांतील साखर घटवली, आणि अन्य देशांतील त्याच नावाची पेये मात्र पूर्वीइतकीच गोड राहिली. दंतमंजनाच्या नळीचे पाहा. युरोपात दंतमंजनात फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १,५०० भागांपर्यंत असू शकते आणि बहुधा १,४५० असते. भारतात ही मर्यादा १,००० आहे. म्हणजे नातवाच्या घरून आलेली नळी आपल्या नळीची जुळी बहीण दिसली, तरी ती तशी नसते. आजोबांच्या हिरड्यांपासून सुटलेल्या दातांना ती उपयोगी पडू शकेल, पण मंजन गिळणाऱ्या तीन वर्षांच्या पणतीच्या हाती ती देऊ नये.

काही वेळा कारण किमतीचे आणि कच्च्या मालाचे असते. आपल्याकडील पुष्कळ बिस्किटे, वेफर्स आणि फरसाण पामतेलात किंवा पामोलिनमध्ये बनते; त्याच प्रकारचे पदार्थ पाश्चात्त्य देशांत अनेकदा सूर्यफुलाच्या किंवा तत्सम तेलात तळलेले असतात. पामतेलात संपृक्त स्निग्धांश निम्म्याच्या आसपास असतो, सूर्यफुलाच्या तेलात तो १० ते १२ टक्के असतो. हृदयविकाराच्या रुग्णाला हा फरक क्षुल्लक नाही.

आणि काही वेळा कारण लोकांच्या जिभेला लागलेली सवय हे असते. मिठाचे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात सहा देशांतील फास्ट फूडची तुलना प्रसिद्ध झाली. मॅकडोनाल्ड्सच्या चिकन नगेट्समध्ये अमेरिकेत दर १०० ग्रॅममागे १.६ ग्रॅम मीठ होते, ब्रिटनमध्ये केवळ ०.६ ग्रॅम. म्हणजे कमी मीठ घालून तो पदार्थ करता येत नव्हता असे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असे सांगते. ज्याचा रक्तदाब चढा आहे, ज्याचे हृदय कमकुवत आहे, पावलांवर सूज येते, त्याच्यासाठी एक ग्रॅम इकडे की तिकडे याला महत्त्व आहे.

येथे एक गोम आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. युरोपातील वेष्टनावर 'मीठ' ग्रॅममध्ये लिहिलेले असते. भारतात आणि अमेरिकेत 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये लिहितात. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते. म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम बरोबर १ ग्रॅम मीठ. शिवाय युरोपात आकडा १०० ग्रॅममागे देणे बंधनकारक आहे, तर अमेरिकेत तो एका वाढपामागे असतो, आणि ते वाढप कधी कधी इतके लहान असते की आपल्या घरातील वाटीत तशी दोन मावतात. आकडा लहान दिसला म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. तो कशामागचा आकडा आहे, हे आधी पाहावे.

आजीआजोबांच्या हाती नातवंडांचा घास असतो, म्हणून आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेने बालकांच्या आहारासाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यासोबत अहवाल प्रसिद्ध केला. नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात दर वाढपामागे सरासरी सुमारे २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली आढळली, तर स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच कंपनीच्या तशा बालान्नात वरून साखर नव्हती. कंपनीने आपण भारतातील साखर गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी पुढे शुद्ध साखर न घातलेले प्रकार बाजारात आणण्याचे जाहीर केले. या प्रकरणाचा बोध सरळ आहे. प्रश्न विचारला गेला तेव्हा वस्तू बदलली, आणि डब्याच्या मागचा मजकूर कोणीतरी वाचला म्हणून प्रश्न विचारला गेला.

खाण्याच्या वस्तूत फरक पडला तर त्याचे परिणाम बहुधा हळूहळू दिसतात. औषधाच्या बाबतीत तेवढा अवधी मिळत नाही. बेनाड्रिल हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानावरून गेले असेल. भारतात ते खोकल्याचे औषध म्हणून परिचित आहे. त्यात डायफेनहायड्रामिन आणि अमोनियम क्लोराइड ही मुख्य द्रव्ये असतात. अमेरिकेत त्याच नावाने प्रामुख्याने ॲलर्जीची गोळी मिळते, तीत डायफेनहायड्रामिन असते. ब्रिटनमध्ये त्या नावाच्या ॲलर्जीच्या गोळ्यांत सेटिरिझिन किंवा ॲक्रिव्हास्टिन असते. प्रत्येक देशात मजकूर उघड छापलेला असतो. गल्लत होते ती केवळ नावावर विसंबणाऱ्या आपल्यासारख्यांची.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्येच यासंबंधी नागरिकांना सावध केले होते. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरील औषध मिळे, तर इटलीत त्याच नावाने सूज आणि वेदना कमी करणारे निराळेच औषध. नॉरप्रॅमिन म्हणजे अमेरिकेत नैराश्यावरील औषध, आणि स्पेनमध्ये जठरातील आम्ल कमी करणारे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे आपण म्हणतो. येथे तर वाळ्याच्या जागी निराळाच दागिना निघतो.

याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे: नावे दोन, पण औषध एकच. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्यालाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. मुलाकडे गेलेले आजोबा अंगदुखीसाठी घरून नेलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतात आणि सर्दीसाठी सुनेने तेथून आणलेले औषधही घेतात, ज्यात बऱ्याचदा तेच द्रव्य असते. मात्रा दुप्पट होते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. वजन कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा मद्याची सवय असेल, तर ती याहून बरीच खाली येते.

मग करावे काय? परदेशातून आलेले सारे टाकून द्यावे, असे मी म्हणणार नाही; ते मुलांच्या प्रेमाचा अव्हेर केल्यासारखे होईल. परंतु काही नियम घरात पाळावेत. आपण नियमित घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे द्रव्यनाम, म्हणजे व्यापारी नावाखाली लहान अक्षरांत छापलेले मूळ नाव आणि मात्रा, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. आपल्या डॉक्टरांना तसे लिहून मागण्यात संकोच कसला? प्रवासाला निघताना मुक्कामाला पुरतील एवढी औषधे, त्यांच्या मूळ पट्ट्यांसकट आणि चिठ्ठीसकट, हातातील सामानात ठेवावीत. तेथे औषध संपले, तर दुकानात व्यापारी नाव न सांगता तो कागद दाखवावा. तेथून आलेली गोळी येथे घ्यायची असेल, तर फोनवर नाव सांगून परवानगी मागू नये. पेटी डॉक्टरांसमोर ठेवावी किंवा तिच्या मागील बाजूचे छायाचित्र पाठवावे. ज्यांना काचबिंदू आहे, प्रोस्टेट वाढलेले आहे, विसराळूपणा वाढतो आहे किंवा चालताना तोल जातो, त्यांनी सर्दी, खोकला आणि झोप यांसाठीचे कोणतेही आयते औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि शुश्रूषा करणाऱ्यांना विनंती अशी, की घरातील वृद्ध माणूस औषधाच्या एक-दोन मात्रांनंतर एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. आदल्या चोवीस तासांत पोटात नवे काय गेले, ते आधी शोधा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

दुपारी आम्ही देविनला गेलो. मोराव्हा जेथे डॅन्यूबला मिळते, तेथे उंच खडकावर एका किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. खाली नदीकाठी, सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे. पलीकडचा ऑस्ट्रियन काठ इतका जवळ, की तेथे गळ टाकून बसलेल्या माणसाची टोपी दिसत होती. बराच वेळ नदीकडे पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, आजीचा हात माझ्यामुळे गेला."

चार वर्षे तिने हे मनात ठेवले होते. मी तिला म्हणालो, "नाही. तू विचारलं होतंस. उत्तर मी दिलं, आणि डॉक्टर मी आहे. विचारलं त्याची चूक नसते. न पाहता सांगितलं त्याची असते." हे वाक्य मी तिला त्या पहाटेच सांगायला हवे होते. आपल्यापैकी कोणाच्या घरात अशी एखादी रात्र घडून गेली असेल, तर विनंती आहे, की असे वाक्य चार वर्षे राखून ठेवू नका. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाच्या मनावर किती ओझे असते, ते आम्हा डॉक्टरांनाही पुष्कळदा दिसत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलीने चार वर्षांनंतर प्रथमच माझ्या सामानात आजीसाठी वस्तू ठेवल्या: चॉकलेट, बिस्किटे, पायांना लावायचे मलम. प्रत्येक वस्तूवर तिने पांढरी चिठ्ठी चिकटवली होती आणि तीवर ठळक मराठीत लिहिले होते: आत काय आहे, साखर किती, मीठ किती, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही. मलमावर लिहिले होते, "फक्त पायांना. डोळ्यांजवळ नको. आधी बाबांना विचारणे." त्याखाली आणखी एक ओळ होती: "बाबांनी मागचं वाचून मग सांगणे."

घरी आल्यावर आईने त्या वस्तू एकेक करून डाव्या हातात घेतल्या, भिंग लावून चिठ्ठ्या वाचल्या. चॉकलेटवरील साखरेचा आकडा पाहून ती म्हणाली, "हे मला अर्धंच दे. उरलेलं तू खा, पण तुझी साखर तपासलीस का?" गेले सहा महिने मी ती तपासलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासून घेतली.